सरड्याची धाव केनवडापर्यंत

ही मार्गदर्शिका रिसोड तालुक्यातल्या केनवडच्या आणि आसपासच्या त्या होतकरू मंडळींसाठी आहे, ज्यांनी रात्री साडेअकराला मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि झोपायच्या आधी वहीच्या शेवटच्या पानावर हिशोब मांडून टाकला. बिअर्डेड ड्रॅगनची एक जोडी. वर्षातून तीनदा अंडी, दर वेळी वीस. साठ पिल्लं. एकाचे दहा हजार धरले तरी सहा लाख. सोयाबीनने बापजन्मी दिले होते का एवढे?

हिशोब बरोबर आहे. गुणाकारात एकही चूक नाही. आता कामाला लागू.

सुरुवात घरच्यांपासून करायची. बोलताना 'ड्रॅगन' म्हणा, 'सरडा' हा शब्द तोंडातून निघता कामा नये. तरी आजीला कळणारच. "कुंपनावर फुकट बसेल हायेत ना बावा, इकत काहाले आनतं?" तिला शांतपणे सांगा की हा ऑस्ट्रेलियाचा आहे, माणसाळतो, दहा-बारा वर्षं जगतो. याच्या गळ्याखाली काटेरी कातडी असते, रागावला की ती फुगवतो आणि काळी करतो. म्हणून त्याला दाढीवाला म्हणतात. "तुहे आजे बी असेच फुगत," असं म्हणून आजी विषय संपवेल. ही परवानगी समजावी.

कागदपत्रांचं थोडक्यात. ऑस्ट्रेलिया आपले रानटी सरडे व्यापारासाठी देशाबाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे तुमच्या जोडीचे पूर्वज कधीतरी कुणाच्या तरी सामानातून चोरून बाहेर पडलेले आहेत. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा जो साइट्स करार आहे, त्याच्या यादीतले परदेशी प्राणी पाळायचे तर नोंदणी लागते, पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. तुमचा प्राणी त्या यादीत बसतो की नाही, हे पैसे देण्याआधी वन विभागाला विचारावं. विकणारा "सगळं लीगल आहे भाऊ" म्हणून अंगठा पाठवतो, तो अंगठा कागद म्हणून कुठेच चालत नाही.

आता घर बांधू. नर आणि मादी एकत्र ठेवायचे नाहीत, नर मादीला चावतो आणि छळतो. म्हणजे जोडी एक, संसार दोन. चार फुटी काचेची पेटी प्रत्येकी. एका टोकाला १०० वॅटचा दिवा, त्याखाली ४० अंशांची ऊब; दुसऱ्या टोकाला पंचवीस-सव्वीस अंशांचा गारवा. वर अतिनील किरणांची नळी, दिवसाचे बारा तास. एका पेटीची दिवसाला दीड युनिट धरा, दोन पेट्यांची महिन्याला नव्वद. त्या नळीची एक गंमत आहे. वर्षभरात तिच्यातले किरण संपतात, उजेड मात्र तसाच पडत राहतो. आपल्याला वाटतं चालू आहे. तिकडे सरड्याची हाडं मऊ पडत असतात.

हे सगळं थंड देशांतल्या लोकांनी लिहून ठेवलेलं आहे. त्यांची अडचण ऊब कशी आणायची ही. केनवडची अडचण मे महिन्यात सुरू होते. बाहेर ४३, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि पेटीत पंचवीस अंशांचं टोक कुठून आणणार? मग वाळवंटातल्या प्राण्यासाठी कूलर येतो. कूलर आला की हवा दमट होते आणि दमट हवेत याच्या फुप्फुसाला त्रास होतो. म्हणून एसी. घरातली माणसं अंगणात बाज टाकून झोपलेली आणि आत सरडा एसीत, हे दृश्य शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून पडदा. पडद्याचा खर्च वेगळा धरावा.

जुळणीचं सोपं आहे. हिवाळ्यात दोन महिने दिवे कमी करा. डिसेंबरमधली आपल्याकडची थंडी इथे फुकटात कामी येते. मग एकत्र आणा. नर दाढी काळी करून मान हलवतो, मादी एक पाय उचलून हळूच हात हलवल्यासारखं करते. व्हिडिओत नेमकं एवढंच दाखवतात. मादी दीड वर्षाची आणि भरल्या अंगाची नसेल तर अंडी आत अडकून मरू शकते, हे दाखवत नाहीत. एका जुळणीवर ती महिन्याभराच्या अंतराने पुन्हा पुन्हा अंडी घालते आणि दर वेळी तिच्या हाडांतलं कॅल्शियम त्यात जातं. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे नेलंत तर त्यांना बोल लावू नका. त्यांचा जन्म गाई-म्हशी-शेळ्यांत गेला. सरड्यांचे डॉक्टर पुण्या-मुंबईकडे. तिकिटाचा खर्चही वहीत नव्हता.

अंडी २८-२९ अंशांवर साठ-सत्तर दिवस ठेवायची. लाइट गेली, इन्व्हर्टर दमला, डबा तापला, तर काय होतं हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१५ साली 'नेचर'मध्ये छापलंय: ३२ अंशांच्या पुढे गेलं की गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लंही माद्या होऊन बाहेर येतात. एरवी मुलगी झाली की तोंड पाडणाऱ्यांनी इथे पेढे वाटावेत, बाजारात मादीलाच जास्त गिऱ्हाईक. फार तापलं तर मात्र काहीच बाहेर येत नाही.

आणि समजा सगळं नीट झालं. पिल्लं आली. खरी मार्गदर्शिका इथून सुरू होते.

एक पिल्लू दिवसाला तीस बारीक रातकिडे सहज खातं. वीस पिल्लं म्हणजे सहाशे. रोज. कमी पडले तर ती एकमेकांची बोटं आणि शेपटीची टोकं खातात, आणि तुटलेली शेपटी पुन्हा येत नाही. तुम्ही म्हणाल, रातकिडे काय, पावसाळ्यात बांधावर हवे तेवढे. हात लावू नका. शेजारच्या सोयाबीनवर चक्रीभुंग्याचा फवारा झालेला असतो; तो किडा पेटीत गेला की औषध पिल्लाच्या पोटात. काजवा तर चुकूनही नको, एकाच काजव्याने मोठा सरडासुद्धा मरतो.

म्हणून रातकिडे पाळावे लागतात. तुम्ही सरड्यांचा धंदा करायला निघालात आणि किड्यांचा करू लागलात, हे साधारण तिसऱ्या महिन्यात ध्यानात येतं. त्यांना अंड्यांचे ट्रे, गाजर, कोंडा. त्यांच्या अंड्यांना ऊब. आणि रात्रभर आवाज. कंटाळून काहीजण झुरळांकडे वळतात. ती गप्प असतात आणि पौष्टिकही. परंतु आयुष्यभर चप्पल घेऊन झुरळांमागे धावलेल्या आईला "ती विकतची आहेत" हे सांगायला वेगळं धैर्य लागतं. त्या धैर्याचं प्रशिक्षण या मार्गदर्शिकेत नाही.

राहिली विक्री. इथे पूर्वजांचं स्मरण करावं. आधी इमू आला, तोही ऑस्ट्रेलियाचाच. तेल, मांस, कातडं, सगळ्याला भाव सांगितला होता. २०१२ मध्ये तामिळनाडूत पेरुंदुराईची मोठी इमू कंपनी कोसळली, आणि आपल्याकडेही ज्यांनी हौसेने कुंपणं घातली होती त्यांच्या दारात माणसाएवढे पक्षी खायला मागत उभे राहिले. मग झाबुआचा कडकनाथ आला. त्याच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१९ मध्ये कडकनाथ पाळायला देणाऱ्या इस्लामपूरच्या एका कंपनीविरुद्ध राज्यभरातल्या शेतकऱ्यांनी फसवणुकीच्या तक्रारी केल्या. कोंबडीचा काही दोष नव्हता. ती काळीच होती. दोन्ही वेळा पिल्लांचं खरं गिऱ्हाईक खाणारा नव्हता, पाळून विकू पाहणारा होता. सरडा तर खायचाही नाही.

तेव्हा पिल्लांचे फोटो काढा, उजेडात, चांगले. स्टेटसला ठेवा. शहरातली पोरं भाव विचारतील, "ब्रो, लास्ट किती?" म्हणतील आणि गायब होतील. आठ-दहा दिवसांनी मंगरुळपीरकडच्या एकाचा फोन येईल. वय पंचवीसच्या आत. आवाजात रात्रभर न झोपल्याची खरखर. त्यानेही वहीच्या शेवटच्या पानावर हिशोब केलेला असेल. तो विचारेल, "दादा, खरं सांगा, परवडते का?"

त्या वेळी तुमच्या एका हातात चिमटा असेल, चिमट्यात रातकिडा. मागे पिल्लांचे एकोणीस डबे, एक डबा कालच रिकामा झालेला. कोपऱ्यात महावितरणचं बिल.

घसा साफ करा आणि म्हणा, "एका जोडीपासून सुरुवात कर."