फुल इंजिनवाला

मोटारसायकलच्या इंजिनाचं काम दोन प्रकारचं असतं: हाफ आणि फुल. हाफ म्हणजे वरचं. हेड आणि सिलिंडर उतरवून पिस्टन-रिंगा बदलायच्या. बोअरिंगवाला शब्दाला जागला तर गाडी दोन दिवसांत रस्त्यावर. फुल म्हणजे इंजिन चेसिसमधून खाली घेऊन, पोट उघडून थेट क्रँकपर्यंत जाणं. हाफ गरजेपोटी होतं. फुल, आणि तेही 1996 साली बंद पडलेल्या कारखान्याच्या गाडीचं, स्वतःच्या घरी, केवळ स्वभावापोटी होतं.

हा स्वभाव पन्नाशीच्या आसपास बळावतो. पुण्यात असे लोक विपुल, कोल्हापूरकडेही बरेच. नोकरी कागदांची, नखांत मात्र ग्रीस. गाडी बहुधा वडिलांची, 250 सीसी येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 पासून चेक बनावटीची जावा इथे बांधली आणि 1973 मध्ये तिचं नाव येझदी झालं, हे पाहुण्याला चहा येण्याआधी कळतं. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून जावा कशी झाली, ते चहानंतर.

कामाची सुरुवात एका आवाजाने होते. तो इतर कोणालाही ऐकू येत नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवून, मूठ कानाला लावून, डोळे मिटून निदान होतं: ‘बिगएंड गेलाय.’ शेजाऱ्यालाही ऐकवलं जातं. शेजाऱ्याला इंजिन ऐकू येतं. खरी परीक्षा सोपी आहे. सिलिंडर उतरवायचा, कनेक्टिंग रॉड धरून हलवून बघायचा. आडवा थोडा हलला तर चालतं, उभा केसभरही हलता कामा नये. नाहीच हलला, तरी फुल इंजिनवाला खचत नाही. तो ऑइल सीलकडे वळतो, आणि तिथे त्याची बाजू बळकट असते. टू-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली उतरताना तिथे दाबलं जातं आणि मग सिलिंडरमध्ये चढतं. क्रँककेस म्हणजे लोहाराचा भाताच. त्याला भोक पडून चालत नाही. डायनमोकडचं सील गेलं तर बाहेरची हवा शिरून इंजिन तापतं. क्लचकडचं गेलं तर गिअरचं तेल आत ओढलं जातं, आणि मागून असा पांढरा लोट निघतो की डासांच्या फवारणीची गाडी आली समजून गल्लीतल्या खिडक्या लागतात.

केसचे दोन भाग सोडवताना नवखा सांध्यात स्क्रूड्रायव्हर खुपसतो आणि तो सांधा जन्मभर तेल गाळतो. फुल इंजिनवाला केस गरम करतो, लाकडी हातोडीने चुचकारतो. सुटे भाग श्रीखंडाच्या डब्यांत जातात. घरात श्रीखंड त्यासाठीच येतं, असं मुलांचं मत आहे.

क्रँक घरी होत नाही. तिच्या दोन फ्लायव्हील मधल्या पिनेवर प्रेसने बसवलेल्या असतात. त्या सोडवून नवी पिन, नवे रोलर, जमल्यास नवा रॉड घालायचा. हे सामान नाना पेठेत शोधायला आठवडे लागतात, कारण ‘ओरिजिनल’ या शब्दाचे तिथे चार भाव आहेत. पुढचं काम लेथवाल्याचं. आयुष्यात फुल इंजिनवाला फक्त या एका माणसापुढे गप्प बसतो. क्रँक दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावायचा, हळूच फिरवायची, काटा हलेल तिथे तांब्याच्या हातोडीचा एक ठोका; पुन्हा फिरवायची, पुन्हा ठोका. एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, इतकीच चूक शिल्लक राहिली की लेथवाला बिडी पेटवतो. फुल इंजिनवाल्याला ते एक थाऊ रात्री झोपू देत नाही. सुताराच्या एका सुतात 125 थाऊ मावतात. त्याच्या घरातल्या कपाटाचं दार सात वर्षं दोन सुतं खाली लोंबतं आहे. ते त्याने अजून पाहिलेलं नाही.

बेअरिंग बसवण्याचा दिवस सगळ्या घराला लक्षात राहतो. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून केस गरम आणि बेअरिंग गार हवं. बेअरिंग आदल्या रात्री फ्रीझरमध्ये, आमरसाशेजारी. केस सकाळी गॅसवर, पोळ्यांच्या वेळेला. पाण्याचा थेंब टाकला की चर्र झालं पाहिजे. मग बेअरिंग हातानेच सोडायचं. ते ठोक्याशिवाय, आपल्याच वजनाने खाली जाऊन ‘टक्’ करतं. हा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू येतो.

बाकी जोडणी नवं गॅस्केट, नवी सीलं आणि जुन्या शिव्या यांच्या जोरावर होते. इंजिन चढतं. येझदीत किक मारायची तीच दांडी पुढे पाडली की गिअरची होते, हे जमलेल्या मुलांना दाखवून होतं. कधीतरी विसाव्या किकला गाडी सुरू होते.

त्यानंतर रनिंग-इन. नवा पिस्टन बसेपर्यंत वेग चाळिसाच्या आत, पेट्रोलमध्ये तेल थोडं जास्त, आणि डबल सीट पूर्ण बंद. त्यामुळे नात्यातल्या लग्नाला बायको रिक्षाने जाते. ती रिक्षा त्याला स्वारगेटलाच मागे टाकते. अक्षता पडतात, पहिली पंगत उठते. दुसऱ्या पंगतीत शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून ती त्याचं पान राखते.