पहार आणि पाचर

शोधणं हे माझं खातं नाही. फ्रिज उघडून ‘कोथिंबीर कुठाय?’ असं मी ओरडतो तेव्हा ती माझ्या नाकासमोर असते, आणि ही गोष्ट आमच्या सोसायटीच्या चारही मजल्यांना ठाऊक आहे. तरीही अग्निसुरक्षा सप्ताहात ‘धुराने भरलेल्या घरात माणूस कसा शोधावा’ याच्या प्रात्यक्षिकासाठी रहिवाशांपैकी एक जण पुढे या म्हटल्यावर मीच पुढे झालो. सेक्रेटरी मीच होतो. शिवाय आदल्या रात्री वाचून आलो होतो, हे जास्त घातक.

एप्रिलमधले दुपारचे चार. अग्निशमन केंद्रातून सबऑफिसर आणि पाच जवान आले होते. सबऑफिसरांनी सुरुवातीला सप्ताह १४ एप्रिललाच का सुरू होतो ते सांगितलं. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा शेजारीशेजारी. आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण स्फोटात गेले. एरवी मोबाईलमध्ये डोकं घालून बसणारी पोरंही गप्प झाली. मीही झालो, पण दोनच मिनिटं.

मग जवानांनी सतरंजीवर हत्यारं मांडली : कुऱ्हाड, घण, पहार, बोल्ट कटर, लांब दांड्याचा हूक. मी विचारलं, “आणि हॅलिगन?” सबऑफिसरांनी भुवई उचलली. ही उत्सुकता समजून मी सर्वांना माहिती दिली, की १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातल्या ह्यू हॅलिगन यांनी हे अवजार बनवलं. लांबी साधारण अडीच फूट, एका टोकाला काटा, दुसऱ्या टोकाला चपटं पातं आणि अणकुचीदार सुळा. आणि तिथले लोक कुऱ्हाड नि हॅलिगन या जोडीला नुसतं ‘लोखंडं’ म्हणतात. सगळं ऐकून घेऊन सबऑफिसर म्हणाले, “आहे, साहेब. गाडीत आहे. आणू?” मी म्हटलं, नको, पहार चालेल. त्यांनी कुऱ्हाड पुढे केली होती, हलकी पडते म्हणून. पण चाळीस माणसांसमोर हलकी वस्तू कोण घेतो?

पहार हातात आली आणि माझी छाती दोन इंच वाढली. लोखंडाचा हा गुण आहे. बँकेत चौतीस वर्षं मी पेनापेक्षा जड काही उचललं नव्हतं. नाहीतर मॅनेजर झालो असतो, असं त्या क्षणी वाटलं.

सबऑफिसरांनी नियम सांगितले. डावा हात भिंतीवर, तो सोडायचा नाही. भिंत धरून गेलात तर भिंतच परत दारात आणून सोडते. उजव्या हातात हत्यार. ते मारायला नाही, हात लांब करायला. गुडघ्यांवर रांगायचं, कारण धूर आणि उष्णता वर असते. हत्याराचा दांडा पुढे करून जमीन चाचपायची, पलंगाखाली फिरवायची. लोखंडी टोक पुढे करायचं नाही, कारण पुढे माणूस असू शकतो. दार पूर्ण उघडत नसेल तर आधी त्यामागे बघायचं. लोक दारापर्यंत पोचतात आणि तिथेच कोसळतात. आत जाताना दाराला पाचर लावायची. आणि काही झालं तरी हत्यार हातातून सोडायचं नाही. लाकडाची एक पाचर त्यांनी माझ्या खिशात घातली. मी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. ऐकलं किती, ते पुढे येईलच.

तिसऱ्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट सरावाला घेतला होता. मालक दुबईला, किल्ली माझ्याकडे. आत एक बाहुला लपवला होता : गोण्यांत चिंध्या भरलेला, आणि त्याला आमच्या सौभाग्यवतींनी माझा बँकेतला राखाडी सफारी घातला होता. पोरांनी त्याचं नाव ‘काका’ ठेवलं. मलाही पोरं काकाच म्हणतात.

डोळ्यांवर काळी पट्टी बांधली, आंधळी कोशिंबीर खेळतात तशी. मी दाराशी पवित्रा घेतला आणि पहारीचं टोक चौकटीत खुपसणार, एवढ्यात मागून आवाज आला, “साहेब, आधी कडी फिरवून बघा.”

दार उघडंच होतं.

आत मी, आणि माझ्यामागे एक तरुण जवान, न बोलण्याच्या अटीवर. किल्ली मी चपलांच्या कपाटावर ठेवली. रांगताना खिशातली किल्ली मांडीत रुतते. दहा फूट रांगल्यावर कळलं, की पहार हातात धरून रांगणं म्हणजे तीन पायांच्या टेबलासारखं चालणं. गुडघे ओरडत होते. आणि हे लोक पाठीवर हवेचं नळकांडं, डोक्यावर हेल्मेट, अंगावर जाड कोट घालून हेच आगीच्या धगीत करतात, वर हवा संपत आल्याची शिट्टी वाजेल का इकडेही कान ठेवतात. मला शिट्टी वाजण्याआधीच धाप लागली.

बेडरूमचं दार अर्धंच उघडलं. जुनी घरं, पावसात फुगलेली दारं, मला अनुभव आहे. मी पहारीचं टोक आत घालून दणका दिला. काहीतरी ‘फस्स’ झालं. जवानाने घसा खाकरला. अट पाळायची म्हणजे त्याला किती कष्ट पडत असतील, असं मनात येऊन मी पुढे सरकलो.

मग नाकाला खाज सुटली. उजव्या हातात पहार, म्हणून डावा हात भिंतीवरून उचलला. परत ठेवला तेव्हा भिंत तिथे नव्हती. हे सांगून कुणाला पटत नाही, पण दहा बाय बाराच्या खोलीतून भिंत नाहीशी होते. मी वाळवंटात रांगत राहिलो आणि शेवटी हाताला मऊ काहीतरी लागलं. अंग गोल, मध्ये आवळलेलं, वर कापड. सुस्काराही ऐकू आला. तो माझा होता, हे नंतर कळलं. “सापडला!” मी ओरडलो. ओढायला दोन्ही हात लागणार, म्हणून पहार कुठेतरी टेकवली, ‘काका’ला मिठी मारली आणि जवानाच्या मदतीने, त्यानेच दाखवलेल्या दिशेने, बाहेर पॅसेजमध्ये आलो.

टाळ्या झाल्या, पण हसण्याच्या. पट्टी काढली. माझ्या मिठीत सुतळीने बांधलेली गादीची वळकटी होती.

त्याच वेळी पाठीमागे वारं आलं आणि फ्लॅटचं दार धाडकन बंद झालं. लॅचचं दार. किल्ली आत, पहार आत, ‘काका’ आत. दुसरी किल्ली दुबईत. सबऑफिसरांनी फक्त विचारलं, “पाचर?” मी खिशातून काढून त्यांच्या हातावर ठेवली. आयुष्यभर माझ्या प्रत्येक बेतात कुणी ना कुणी पाचर मारत आलंय. स्वतः मारायची वेळ आली, तेव्हा ती खिशातच राहिली.

एक जवान तीन मजले उतरून गेला आणि हॅलिगन घेऊन आला. माझ्या व्याख्यानाचा विषय असा प्रत्यक्ष समोर आला. एकाने काटा लॅचच्या जरा वर, दार आणि चौकटीच्या फटीत धरला, दुसऱ्याने कुऱ्हाडीच्या पाठीने दोन ठोके दिले, मग पहिल्याने दांडा रेटला. कडकन चौकट सुटली. फारतर अर्धं मिनिट लागलं असेल.

“आता पहार शोधू या,” सबऑफिसर म्हणाले. सौभाग्यवती पुढे झाल्या, आत गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, “अहो, ही काय, समोर आहे.” बेडरूमच्या दारामागे ‘काका’ पालथे पडले होते आणि पहार त्यांच्याच पाठीवर टेकवलेली होती.

जाताना सबऑफिसरांनी मला ‘साहेब’ म्हटलं नाही, ‘काका’ म्हटलं. लॅच आणि चौकटीचा खर्च मी भरला; दुबईला फोनही मीच केला. पुढच्या एप्रिलच्या सरावासाठी कमिटीने माझं नाव एकमताने सुचवलं आहे. शोधायला नाही, बाहुल्याच्या जागी, दारामागे. सफारी रफू होऊन आला आहे.