आहेर नको, तिकीट काढा

लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं असतं आणि पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ येते: ‘पाहुण्यांसाठी प्रवास व निवास मार्गदर्शन’. पत्रिकेतली ओळ औदार्याची आणि पीडीएफ सोयीची, असा सार्वत्रिक समज आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या की निराळंच दिसतं. आहेर रद्द झालेला नाही. तो विमान कंपनी, रिसॉर्ट आणि टॅक्सीवाल्याकडे परस्पर जमा करायचा आहे. हिशेब करून पाहा. दक्षिण गोव्यातल्या रिसॉर्टने ‘खास आपल्या पाहुण्यांसाठी’ दिलेला दर रात्रीला 8,000 रुपये धरू. साडेसात हजारांच्या वर गेलेल्या खोलीवर जीएसटी 18 टक्के, म्हणजे 1,440 रुपये. दोन रात्रींचे झाले 18,880, आणि अजून पाहुणा घरातून निघालेलाही नाही. एवढ्या रकमेत 501 रुपयांची सदतीस पाकिटं होतात, वरच्या एकेका रुपयासकट. सदतीस लग्नांचा आहेर एकाच मांडवात वाहायचा, आणि वर ‘रिकाम्या हाताने आलात तरी चालेल’ हे ऐकून घ्यायचं.

आता मार्गदर्शनाचा मजकूर पाहू. ‘गोव्यात दोन विमानतळ आहेत, सोयीचा निवडावा’ हे मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाल्यापासून खरंच आहे. फक्त मोपा पेडणे तालुक्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला. आणि लग्न काणकोणात, दक्षिण टोकाला. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून खूश झालेला पाहुणा उरलेला गोवा टॅक्सीने पार करतो, आणि ओला-उबर तिथे चालत नसल्याने मुंबई-पुण्याची सवय कामाला येत नाही. ‘रेल्वेचाही उत्तम पर्याय आहे.’ आहेच. आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं; हळद कोणत्या दिवशी हे मात्र पंधरा दिवस आधी ठरतं. कोकणकन्येने सकाळी मडगावला उतरलेल्या वऱ्हाडाला खोली मिळणार दुपारी दोनला आणि मुहूर्त साडेबाराचा. पैठणी कुठे नेसायची, याबद्दल मार्गदर्शन मौन पाळतं. पोशाखाबद्दल ते भरभरून बोलतं: हळदीला पिवळं, संगीतला पेस्टल, समुद्रकाठी फिकट, आणि हे सगळं विमानाच्या 15 किलोंत. ओटीसाठी खोबऱ्याच्या वाट्या नेणाऱ्या काकूंना विमानतळावर कळतं की सुकं खोबरं ज्वालाग्राही असल्याने विमानात चालत नाही. चातुर्मासात गोव्यातल्या खोल्या स्वस्त असतात, पण मुहूर्त नसतात. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि त्याच सुमारास पर्यटनाचा हंगाम भरात येऊन दर चढतात. तुळस शहाणी, ती अंगण सोडून कुठे जात नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो सहलीचा: ‘तेवढंच तुमचं फिरणं होतं.’ सहलीत ठिकाण, दिवस आणि सोबत आपण निवडतो. इथे तिन्ही दुसऱ्याने निवडलेली असतात आणि समुद्र दिसतो तो ड्रोन उडवणाऱ्याच्या पाठीमागे. दुसरा आक्षेप, जबरदस्ती कुणी केली? कुणीच नाही. पण नात्यात न जाण्यालाही किंमत असते आणि ती पुढच्या प्रत्येक गणपतीत हप्त्याहप्त्याने वसूल होते. तिसरा आक्षेप वजनदार आहे: चारशे पानं उठवण्याच्या भपक्यापेक्षा साठ माणसांचं आटोपशीर लग्न बरं नाही का? बरंच आहे. मात्र आटोपशीर लग्नाला समुद्र लागत नाही. विशेष विवाह कायद्याने तीन साक्षीदारांत काम होतं आणि साक्षीदारांना ड्रेसकोड नसतो. यादीतल्या नावावर काट मारायला लागतं ते धैर्य, आणि त्याचीच टंचाई आहे.

मार्गदर्शनाचा खरा उपयोग इथे सुरू होतो. 2020 साली सरकारने लग्नाला पन्नासच पाहुण्यांची मर्यादा घातली, तेव्हा ‘आम्हाला बोलवायचं होतं हो, पण नियमच तसा आहे’ असं म्हणण्याचं सुख अनेक घरांना पहिल्यांदा मिळालं. नियम गेला, चटक राहिली. आता सरकारचं ते काम अंतर करतं. दीडशे जणांना प्रेमाने आमंत्रण द्यायचं, सोबत पीडीएफ जोडायची आणि कोण गळतं ते पाहायचं. पहिली गळते पेन्शनवर जगणारी आत्या, मग रजा न मिळालेला मावसभाऊ, मग गुडघे धरलेले आजोबा. येतात ते परवडणारे. म्हणजे यादी जिव्हाळ्याने नाही, ऐपतीने चाळली जाते, आणि चाळणारा नामानिराळा राहतो. गळलेल्यांना यूट्यूबची लिंक मिळते. तिथून अक्षता टाकण्याची सोय अजून व्हायची आहे.

जे यजमान खोल्यांचे पैसे स्वतः भरतात त्यांच्यावर हा आरोप नाही. ते जानवशाची जुनी रीतच पाळतात. बोलावणाऱ्याने उतरायची सोय करायची, मग ती शाळेच्या वर्गात गाद्या टाकून का असेना. त्या रीतीत एकट्या मुलीच्या बापाचं कंबरडं मोडायचं; तो अन्याय परत आणायचं कारण नाही, खर्च दोन्ही घरांनी वाटून घ्यावा. तेवढं झेपत नसेल तर लग्न गावातल्या कार्यालयात लावावं आणि गोव्याला दोघांनीच जावं. ही पद्धत पूर्वापार चालत आली आहे. तिला मधुचंद्र म्हणतात, आणि त्याचं भाडं आजवर कुठल्याही आत्याने भरलेलं नाही.