पातूरले पाह्यासारखं काय हाये?

पर्यटनविकास करायचा असं सरकारनं एकदा मनावर घेतलं की त्या गावाची सुटका नाही. आधी दर्जा मिळतो. आपल्याकडे स्थळांना 'अ', 'ब', 'क' असे वर्ग आहेत. त्यातला 'क' वर्ग जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत मिळतो आणि तो मिळाला की चौकात फटाके फुटतात. पोरगं शाळेतून 'क' श्रेणी घेऊन आलं तर जो बाप चप्पल शोधतो, तोच बाप इथं पेढे वाटतो. दर्जामागून निधी येतो. निधीमागून पेव्हर ब्लॉक येतात. पेव्हर ब्लॉकमागून कारंजं येतं, ते उद्घाटनाच्या दिवशी उडतं. शेवटी 'आय लव्ह', मग लाल बदाम, मग गावाचं नाव, अशी पुरुषभर उंचीची अक्षरं उभी राहतात आणि विकास पूर्ण होतो. मुतारी पुढच्या टप्प्यात असते.

आमच्या पातूरचाही असा विकास व्हावा, असं काही मंडळींच्या मनात आहे. त्यांच्या मदतीसाठी आराखड्याचा हा कच्चा खर्डा. मानधन नको.

पुण्या-मुंबईच्या माणसानं इथं यायचं कसं? अकोल्याला विमानतळ आहे. शिवणीला, इंग्रजांच्या काळापासून आहे. धावपट्टी वाढवण्याची चर्चा इतकी जुनी झाली आहे की त्या चर्चेलाच पुरातत्त्व खात्याचं संरक्षण मिळायला हवं. तेव्हा रेल्वेनं अकोल्याला उतरावं. पुढं रेल्वे नाही; पूर्णा जंक्शनकडे जाणारी लाइन बार्शिटाकळीवरून वाशीमला गेली आणि पातूर बाजूला राहिलं. मग एसटी. मोबाइलच्या नकाशावर भरवसा ठेवणाऱ्यांनी एक सांभाळावं. अकोला तालुक्यात पातूर नंदापूर नावाचं दुसरं गाव आहे. तिथं पोचलात तर चहा नक्की मिळेल, लेणी मिळणार नाहीत.

आपलं पातूर अकोल्याच्या दक्षिणेला, तीस-पस्तीस किलोमीटरवर. पयनघाटाची काळी सपाटी इथं संपते आणि रस्ता घाट चढून वाशीमच्या पठाराकडे जातो. पावसाळ्यात हे डोंगर असे हिरवे होतात की लोणावळ्यानं मान खाली घालावी. मग लोणावळ्याची गर्दी इथं का होत नाही? एक तर इथं चिक्की मिळत नाही. दुसरं म्हणजे खुद्द पातूरच्या माणसालाच हे पटलेलं नाही. बसस्टँडवर कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं. "पातूरले पाह्यासारखं काय हाये भाऊ? चिखलदऱ्याले जा नं!" आणि तो स्वतः खरंच चिखलदऱ्याला जातो. तिथं कित्येक वर्षं 'लवकरच' होत राहिलेल्या काचेच्या स्कायवॉकची चौकशी करतो, भीमकुंडाजवळ मक्याचं कणीस खातो, धुक्यात फोटो काढतो आणि घाट उतरून घरी येतो. घरामागचा डोंगर तसाच उभा.

पाहण्यासारखी लेणी आहेत. डोंगरात कोरलेली, अजिंठ्याएवढी थोर नाहीत, पण खरीखुरी. इंग्रजांच्या गॅझेटियरनं त्यांना दोन-चार ओळी दिल्या आहेत. त्यात मांडी घालून बसलेल्या एका मूर्तीचा उल्लेख आहे. मूर्तीचा फक्त खालचा अर्धा भाग उरला आहे, असं साहेबानं लिहून ठेवलं. मला त्यात नवल वाटत नाही. इतकी शतकं मांडी घालून कुणी यायची वाट पाहिल्यावर वरचा भाग कंटाळून उठून गेला असेल. मांडी तेवढी चिवट निघाली.

अशा संरक्षित स्मारकाला इजा केली तर १९५८चा कायदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही देतो. शंभर मीटरच्या आत बांधकाम करता येत नाही. कायदा चांगला आहे. पण बाण मारलेला बदाम आणि दोन नावं दगडात कोरणाऱ्या प्रेमवीरापर्यंत तो पोचायला वेळ लागतो. तोवर त्या दोघांची लग्नं झालेली असतात, वेगवेगळ्या ठिकाणी.

आता मुख्य माल. म्हणजे ग्रामीण जीवनाचा अनुभव.

महाराष्ट्रानं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. पाहुण्याला शेती दाखवा, शेतकऱ्याला जोडधंदा द्या, हा विचार मला मनापासून मान्य आहे. पण या अनुभवाचा नमुना कुणीतरी एकदाच ठरवून टाकला आणि तो सगळीकडे सारखाच लागला. आल्याबरोबर डोक्याला फेटा, बैलगाडीतून चक्कर, मग हुरडा, मग रोडगे आणि वांग्याची भाजी, मग झाडाला बांधलेल्या झोक्यावर रील. रोडग्यांबद्दल माझी तक्रार नाही. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला रोडगा फोडून त्यात तूप सोडलं की भल्याभल्यांचं डाएट मोडतं. तक्रार एवढीच, की शेतीतला सर्वात थरारक अनुभव आपण पाहुण्यांपासून लपवून ठेवला आहे.

तो म्हणजे जागल, रात्रभर वावरात जागून केलेली पिकाची राखण.

मेळघाटात लोक जिप्सीचे पैसे भरतात, पहाटे चारला उठतात, दोन तास हाडं खिळखिळी करून घेतात आणि लांबवर झाडीत एक रोही दिसला की 'नीलगाय, नीलगाय' असं कुजबुजतात. पातूर तालुक्यातला शेतकरी तोच प्राणी जवळून पाहतो, फुकट पाहतो, कळपानं पाहतो आणि स्वतःच्या तुरीत पाहतो. तो कुजबुजत नाही. तो काय म्हणतो ते छापता येणार नाही. रोही गेले की रानडुकरं येतात. ती रात्रीतून भुईमुगाचं वावर असं उकरतात की वाटावं, इथं जलजीवनची पाइपलाइन टाकली. मधूनच बिबट दिसल्याची आवई उठते आणि मग कुणी लघवीलाही एकटं जात नाही.

ही नाइट सफारीच आहे. तीही माळ्यासकट. शहरातल्या पाहुण्याला रात्री नऊला माळ्यावर चढवावं. हातात बॅटरी द्यावी, वाजवायला तेलाचा रिकामा डबा द्यावा, पांघरायला घोंगडी. दर अर्ध्या तासानं 'हाऽऽड' म्हणून ओरडायचं. घसा बसला तर तो योगाचा भाग समजावा. उजाडल्यावर पाहुण्याच्या वाट्याच्या चार तासांत किती पीक गेलं ते मोजावं आणि भरपाईचा अर्ज त्याच्याकडूनच भरून घ्यावा. नंतर पंचनाम्याची वाट पाहणे. हा ध्यानधारणेचा कार्यक्रम आहे. याला मुक्काम वाढवावा लागतो.

कापूस वेचणीचंही तसंच. वेचायला बाया मिळत नाहीत अशी दर दिवाळीला ओरड असते. दुसरीकडे शहरात माणसं मन शांत व्हावं म्हणून पैसे देऊन माती मळतात. यांना आमच्या वावरात आणा. दिवसभर वाका, बोटं सोलून घ्या, संध्याकाळी काट्यावर वजन करा. मन शांत होतं की नाही सांगता येत नाही, पण झोप लागते.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याच्या हालांची ही चेष्टा झाली. पण वऱ्हाडाला पाहुणे नवे नाहीत, आणि ते इथं काय पाहायला येत होते हे आम्ही विसरलेलो नाही. शेतकरी आत्महत्यांच्या त्या काळात, २००६च्या जुलैत, पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत अकोला होता, अमरावतीही होता. त्या दिवसांत या भागाएवढं पर्यटन क्वचितच कुठं झालं असेल. पक्ष आले, समित्या आल्या, अभ्यासक आले, कॅमेरे आले. ज्या घरात माणूस गेला त्या घराच्या ओसरीवर सतरंजी कायम अंथरलेली राहिली. पुढं ती लाट ओसरली, पण पाहणी पथक टिकलं. अतिवृष्टी झाली की येतं, पाऊस नसला तरी येतं. डांबरी सडकेला लागून असलेलं वावर निवडायचं, म्हणजे बुटांना चिखल लागत नाही. गाड्यांची रांग थांबते. एक साहेब किडकं बोंड हातात घेऊन उलटंसुलटं करतात आणि हिंदीत विचारतात, "ये कब हुआ?" कृषी खात्याचा माणूस उत्तर देतो. शेतकरी बाजूला हात जोडून उभा; त्याला काही विचारलेलं नसतं. दहा मिनिटांत गाड्या पुढं. जेवण सर्किट हाऊसवर.

आराखडा लिहिणारे लोक ज्या 'दर्जेदार पर्यटका'चं स्वप्न पाहतात, तो मला याच पथकाचा धाकटा भाऊ वाटतो. सडकेलगत उतरतो, हात लावून पाहतो, फोटो काढतो, जेवायला दुसरीकडे जातो.

खरा पाहुणा दुसराच आहे, आणि त्याला कोणी पर्यटक म्हणत नाही. नवरात्रात पातूरच्या टेकडीवर रेणुकामातेला जाणाऱ्या बाया अनवाणी चढतात, कडेवर लेकरू घेऊन चढतात आणि वर जाऊन फराळाचं एकमेकींना वाटतात. याला कुणी ट्रेकिंग म्हणत नाही, कारण त्यांच्या पायात महागडे बूट नसतात. शेख बाबूंच्या दर्ग्यावर, नानासाहेबांच्या मंदिरात, सिदाजी महाराजांकडे येणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या येतात. जुन्या कागदांत तर गावाचं नावच 'पातूर शेख बाबू' असं येतं. आणि श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात काय होतं ते एकदा बघाच. पोरं गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरतात, भरण्यांच्या कावडी खांद्यावर घेऊन रातोरात चालत राजराजेश्वराच्या मंदिराकडे येतात. खांद्यांची सालं निघतात. या पोरांना कुठल्या ब्रोशरनं बोलावलेलं नसतं आणि घरी जाऊन ती कुणाला किती तारे द्यायचे हे ठरवत बसत नाहीत. त्यांना हवं असतं ते फार थोडं. वाटेत प्यायला पाणी, बायांसाठी आडोसा आणि परतीची गाडी. विकास करणाऱ्यांनी एवढं केलं तरी पुरे. कारंजं राहू द्या.

तर या. नवरात्रात या, नाहीतर थंडीत हुरड्याच्या दिवसांत. पिण्याचं पाणी सोबत आणा आणि रिकामी बाटली सोबतच न्या. रस्ता विचारलात तर माणूस नुसता हात करून दाखवणार नाही, दोन पावलं बरोबर येईल. वाटेत तुमचं गाव, आडनाव, पगार आणि पोरं किती हे सगळं विचारेल. राग मानू नका.

मुलांना सुट्ट्या आहेत म्हणून मे महिन्यात मात्र येऊ नका. २०२४च्या मे महिन्यात उन्हानं इतका कहर केला की अकोला जिल्ह्यात प्रशासनाला २५ ते ३१ तारखेपर्यंत कलम १४४ लावावं लागलं. जमावबंदी दंग्यासाठी असते असा आमचा समज होता; ती सूर्यासाठीही असते हे तेव्हा कळलं. त्या दिवसांत आलात तर दार कोण उघडणार? आम्ही चिखलदऱ्याला गेलेलो असतो.