परिशिष्टपंडित

सर्वसाधारण वाचकाचं पुस्तक सुरुवातीला मळतं. पहिली पन्नास-साठ पानं हाताळून मऊ झालेली आणि पुढची करकरीत असली, की गृहस्थाने मोठ्या उत्साहाने वाचायला घेऊन पुस्तक कपाटात ठेवलं, एवढं समजून घ्यावं. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची एखादी प्रत मात्र अशी सापडते, की सुरुवात बऱ्यापैकी शाबूत आणि बांधणी शेवटाकडे खिळखिळी. कथा संपल्यावर जे. आर. आर. टॉल्किनने तिला सहा परिशिष्टं जोडली आहेत. त्यांत राजांची बखर आहे, सनावळी आहे, वंशवृक्ष आहेत, पंचांग आहे, लिप्या आणि उच्चारांचे नियम आहेत, भाषांची कुळकथा आहे. चारचौघं इथे पुस्तक मिटतात. ज्याचं पुस्तक इथे उघडतं, तो परिशिष्टपंडित. त्याच्या प्रतीतून पिवळ्या चिठ्ठ्या इतक्या बाहेर डोकावत असतात, की पुस्तकाला पिसं फुटल्यासारखी दिसतात.

हा प्राणी जवळून पाहायचा तर मालिका लागल्यावर पाहावा. अ‍ॅमेझॉनने टॉल्किनच्या सृष्टीवर मालिका काढण्याचे हक्क २०१७ साली घेतले आणि ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ २ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्याकडे दिसू लागली. २ सप्टेंबर ही टॉल्किनची पुण्यतिथी (तो १९७३ साली गेला), हे कोणी न विचारता सांगणारा तो हाच. हक्कांत या सृष्टीची पुराणकथा सांगणारं ‘द सिल्मरिलियन’ नव्हतं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ज्या तिसऱ्या युगात घडतं, त्याआधीच्या दुसऱ्या युगाची गोष्ट सांगायला निर्मात्यांच्या हाती मुख्यत्वे परिशिष्टंच होती. म्हणजे पंडिताच्या परसात परक्याने मांडव घातला! तेव्हापासून त्याच्या उजव्या अंगठ्याखाली रिमोटचं एकच बटण झिजत आलं आहे. तासाभराचा भाग त्याला अडीच तास पुरतो. “दादा, चालू कर ना रे,” असं धाकटी बहीण तिसऱ्यांदा म्हणते, तेव्हा दादा गुडघ्यावर पुस्तक उघडून बसलेला असतो. पडद्यावर आकाशातून पडलेला म्हातारा तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजलेला असतो, आणि दादा सांगत असतो की मांत्रिक तिसऱ्या युगाची हजारेक वर्षं उलटल्यावर आले, हे परिशिष्ट ‘ब’मध्ये स्वच्छ लिहिलेलं असताना हा गॅन्डाल्फ दुसऱ्या युगात काय करतो आहे.

पंडिताचा दावा साधा असतो: मूळ ग्रंथात जे आहे ते खरं, बाकी सगळं पदरचं. माझं म्हणणं असं, की त्याच्या हाती असा एक मूळ ग्रंथ नाहीच. आधार देतो आहे असं त्याला वाटतं, पण तो निवड करत असतो. आणि त्याची खरी मौज या गैरसमजातच आहे. त्याच्या पंथातला एक जुना तंटा घ्या. मोरियाच्या खाणीत गॅन्डाल्फ ज्याच्यासमोर पुलावर उभा ठाकतो, त्या बॅलरॉग नावाच्या अग्निराक्षसाला पंख होते की नव्हते? त्या प्रकरणात आधी त्याच्याभोवतीची सावली पंखांसारखी पसरते आणि थोड्याच ओळींनंतर त्याचे पंख भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरतात. पहिल्या ठिकाणी ‘सारखी’ आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. पंखवादी म्हणतात, दुसरं वाक्य निर्णायक. पंखनास्तिक म्हणतात, उपमा एकदा दिली की पुढे तिचं रूपक होणारच. आणि पंख असते तर तो दरीत पडला कसा? त्यावर पंखवादी शहामृगाला साक्षीला बोलावतात. आपल्याकडे उपमा कुठे संपते आणि रूपक कुठे सुरू होतं यावर अलंकारशास्त्रात पोथ्या लिहिल्या गेल्या. इथे तोच प्रश्न एका राक्षसाच्या खांद्यांवर येऊन बसला आहे. पीटर जॅक्सनने २००१ च्या चित्रपटात पंख दिले, पण धुराचे दिले. दोन्ही पक्ष चित्रपटगृहातून आपापला विजय घेऊन बाहेर पडले.

हे एका शब्दावरून झालं. ग्रंथाची गत याहून अवघड आहे. टॉल्किनने ही सृष्टी रचायला पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरुवात केली आणि मरेपर्यंत ती दुरुस्त करत राहिला. ‘द सिल्मरिलियन’ त्याच्या हातून पुरं झालंच नाही. मुलगा ख्रिस्तोफर याने १९७७ साली ते जुळवून छापलं, आणि त्यातलं डोरिएथ या एल्फ-राज्याच्या विनाशाचं प्रकरण संपादकांना बरंचसं रचावं लागलं हे पुढे त्यानेच नोंदवून ठेवलं. मग १९८३ ते १९९६ या काळात त्याने वडिलांचे मसुदे बारा खंडांत छापले, समासातल्या टिपांसकट, खोडलेल्या ओळींसकट. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या पोथ्या समोरासमोर ठेवून चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, ते काम ठाऊक असलेल्या वाचकाला या खंडांत परकं वाटणार नाही. फरक एवढाच, की महाभारतात भर घालणारे हात अनेक पिढ्यांचे होते. इथे मूळ कर्ताच आपल्या ग्रंथात क्षेपक घालत होता आणि कधीकधी दुसऱ्या दिवशी काढत होता. जुन्या मसुद्यांत बॅलरॉग शेकड्यांनी येतात. पुढे समासात टीप पडते की ते एकूण तीन, फार तर सात असावेत. पंखांचा निकाल लागायचा तो लागो, डोकीसुद्धा मोजून होत नाहीत.

बरं, छापून गेलेलं तरी पक्कं धरावं, तर तेही नाही. १९३७ च्या ‘द हॉबिट’मध्ये गॉलम हा गुहेतला प्राणी कोड्यांची पैज हरतो तेव्हा अंगठी बक्षीस द्यायला प्रामाणिकपणे तयार असतो, ती हरवली म्हणून माफी मागतो आणि नायक बिल्बोला वाट दाखवतो. पुढे तीच अंगठी जगाच्या मुळावर उठली, तेव्हा हा सज्जन गॉलम अडचणीचा झाला. टॉल्किनने प्रकरण नव्याने लिहिलं आणि ते १९५१ च्या आवृत्तीत आलं. पण चौदा वर्षं लोकांच्या घरात असलेल्या जुन्या प्रतींचं काय करायचं? तोड त्याने अशी काढली, की पहिल्या आवृत्तीतली हकिकत ही बिल्बोने मारलेली थाप. अंगठीवरचा आपला हक्क बळकट व्हावा म्हणून तो खोटं बोलला, आणि हे खोटं बोलणं हाच अंगठीच्या दुष्ट प्रभावाचा पहिला पुरावा! स्वतःचा पाठभेद स्वतःच्याच पात्राच्या गळ्यात मारणारा हा लेखक परिशिष्टपंडितांच्या परंपरेचा आद्य आचार्य आहे. पंडिताला तुम्ही हसता तेव्हा थोडंसं त्यालाही हसता.

मालिकेवरचे बरेचसे वाद या उजेडात पाहावेत. मालिकेतली एल्फ स्त्री गॅलाड्रिएल तलवार घेऊन हिमकड्यांवर चढते, याने एका पक्षाचं रक्त तापलं: ग्रंथातली गॅलाड्रिएल धीरगंभीर, प्रकाशमान. दुसऱ्या पक्षाने ‘अनफिनिश्ड टेल्स’ काढून दाखवलं, की आईने तिचं नाव ‘पुरुषी कन्या’ अशा अर्थाचं ठेवलं होतं आणि तरुणपणी ती अंगबळाच्या खेळांत पुरुषांच्या तोडीस तोड होती. दोघांचेही आधार अस्सल आहेत. टॉल्किनने १९६७ साली तिला बंडखोर एल्फांची पुढारी म्हणून छापलं आणि ऑगस्ट १९७३ च्या एका पत्रात, म्हणजे मरणाच्या महिनाभर आधी, तिला निष्कलंक ठरवलं. ऑर्कांचंही तेच. २०२४ च्या दुसऱ्या पर्वात एका ऑर्काला बायको आणि तान्हं मूल दाखवलं, त्यावर गहजब झाला: ऑर्क म्हणजे मूर्तिमंत दुष्टपणा, त्यांना संसार कुठला? इथे पंडित आपल्याच शास्त्राने हरतो. ऑर्कांची वीण इतर सजीवांसारखीच होते हे ‘सिल्मरिलियन’मध्ये आहे, ऑर्क स्त्रिया असल्याच पाहिजेत असं टॉल्किनने १९६३ च्या एका पत्रात मान्य केलं आहे, आणि बोल्ग हा ऑर्क अझोग या ऑर्काचा मुलगा हे तर ‘हॉबिट’मध्येच आहे. बाप आला, मुलगा आला, तेव्हा मधे कोणीतरी रात्री जागून अंगाई म्हटलीच असणार.

“अहो, पण हे सगळं खोटंच ना? खोट्यात कसलं आलंय बरोबर-चूक?” हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो सर्वांत कच्चा आहे. बुद्धिबळातला घोडाही खोटाच असतो. म्हणून तो सरळ चालवला तर समोरचा ऐकून घेत नाही. जादूच्या गोष्टीत तर नियम वास्तवातल्यापेक्षा महाग, कारण कार्यकारणभाव दुसरीकडून उसना मिळत नाही. मिथ्रिलचं पाहा. ग्रंथात मिथ्रिल ही एक धातू आहे: हलकी, पोलादाहून कणखर, देखणी. ड्वार्फ लोक तिच्या हव्यासाने खोल खोल खणत गेले आणि तळाशी झोपलेला बॅलरॉग जागा झाला. मालिकेने तिला एल्फांचं औषध केलं. एक एल्फ आणि एक बॅलरॉग एका झाडावर झुंजत असताना वीज पडली, त्यातून ती जन्मली आणि तिच्याविना एल्फ वसंतापर्यंत विझून जाणार. आता खणण्यामागे हाव उरली नाही, परोपकार आला. बदल एका धातूच्या गुणधर्मात झाला, पण एका संस्कृतीच्या ऱ्हासाचं कारण त्याने हलवलं. पंडित इथे कळवळतो तो पांडित्य मिरवायला नव्हे, गोष्ट सांडताना दिसते म्हणून. गंमत अशी, की मालिकेतलं पात्रच ही कथा बहुतेकांच्या मते अविश्वसनीय असल्याचं सांगून टाकतं. मालिकावाल्यांनी आपल्याच कथेवर ‘प्रक्षिप्त’ असा शिक्का मारून ठेवला आहे. पंडिताला ते ऐकू आलं नाही; त्याने तोवर चित्र थांबवलं होतं.

रूपांतराला स्वातंत्र्य असतं, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पडद्याला पडद्याची भाषा असते, आणि परिशिष्टं जशीच्या तशी चित्रित केली तर पंडितसुद्धा तिसऱ्या भागात डुलक्या घेईल. मला हे मान्य आहे. पंडिताला ते पचत नाही, कारण आचार्यांनाही पचलं नव्हतं: १९५८ साली एक चित्रपट-आराखडा हाती आला तेव्हा गरुडांना नको तिथे उडवल्याबद्दल आणि बॅलरॉगला बोलायला लावल्याबद्दल टॉल्किन कलम-कलम तक्रार लिहीत बसला होता. पण या कडवेपणावर काळ आपोआप पाणी ओततो. पुस्तकातल्या टॉम बॉम्बडिल या पात्राला वगळल्याबद्दल २००१ साली जॅक्सनला जे पाखंडी म्हणत होते, त्यांपैकी कितीतरी जण २०२२ साली जॅक्सनचाच दाखला प्रमाणग्रंथासारखा देऊ लागले. बॉम्बडिल शेवटी २०२४ साली या मालिकेत अवतरला, तेवीस वर्षांची वाट पाहून झाल्यावर, आणि तोही भलत्याच मुलखात, पूर्वेच्या वाळवंटात. पंडिताने आनंदाश्रू आणि तक्रार दोन्ही एकाच दमात गाळले.

एका गोष्टीत मात्र या जातीला मी पाठीशी घालणार नाही. मालिकेत काळ्या वर्णाचे एल्फ आणि ड्वार्फ दिसताच पुष्कळ मंडळींना एकाएकी ग्रंथप्रामाण्याचा उमाळा आला. खरा पंडित आणि हा तोतया ओळखायची कसोटी सोपी आहे. परिशिष्ट ‘ब’प्रमाणे मुख्य अंगठी घडली दुसऱ्या युगाच्या १६०० च्या सुमारास आणि न्यूमेनॉर बेट बुडालं ३३१९ साली. मालिकेने ही सतराशे वर्षं काही मोजक्या वर्षांत दुमडून ठेवली. जो या घडीबद्दल चकार शब्द काढत नाही आणि कातडीच्या रंगावर मात्र अध्याय सांगतो, त्याने परिशिष्ट उघडलेलं नाही. पंडिताचं त्या काळातलं भांडण वेगळंच होतं: ड्वार्फ राजकन्या डिसाला दाढी का नाही? ड्वार्फ स्त्रिया आवाजाने आणि रूपाने पुरुषांपासून ओळखू येत नाहीत असं परिशिष्ट ‘अ’ सांगतं, तेव्हा दाढी अनुमानाने सिद्ध. आणि अनुमान कमी पडलं तर मागाहून छापलेल्या मसुद्यात ती शब्दप्रमाणानेही मिळते. हे भांडण हास्यास्पद आहे, पण निर्मळ आहे.

राहता राहिला प्रश्न, या माणसाला निकाल हवा आहे का. निकाल लागायचा संभव होता, एकदा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड आला त्याच वर्षी, १९५४ साली, ऑक्सफर्डमधल्या एका कॅथलिक पुस्तकांच्या दुकानाच्या व्यवस्थापकाने टॉल्किनला पत्र घातलं: एल्फांचा पुनर्जन्म, ऑर्कांची उत्पत्ती, बॉम्बडिल म्हणजे नेमका कोण, हे सगळं धर्मतत्त्वांच्या मर्यादेत बसतं का? टॉल्किनने उत्तर लिहायला घेतलं. ते पानांमागून पानं लांबत गेलं, आणि त्याने ते पाठवलंच नाही. आपण स्वतःला फारच महत्त्व देतो आहोत असं वाटलं, अशा अर्थाची टीप त्यावर लिहून मसुदा ठेवून दिला. १९८१ साली निवडक पत्रांच्या संग्रहात तो छापला गेला. परिशिष्टपंडिताच्या प्रतीत त्या पत्राला पेन्सिलच्या खुणा सर्वांत जास्त आहेत. टिपेखाली मात्र एकही नाही.