बारभाईंत बसण्यापूर्वी

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की आज ना उद्या ज्युरीचं समन्स येतं. घाबरू नये, आरोपी दुसराच कोणीतरी असतो. पण समन्स रद्दीतही टाकू नये. फेडरल कोर्टाचं असेल तर १,००० डॉलरपर्यंत दंड आणि तीन दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. हजर राहिलात तर दिवसाला ५० डॉलर मिळतात.

कोर्टात सोबत पुस्तक ठेवा, वाट बघणं भरपूर असतं. मग नाव पुकारतात, शपथ देतात आणि चौकशी सुरू होते. नोकरी काय, नवरा-बायको काय करतात, घरात कोणी पोलीस आहे का, गाडीच्या बंपरवर काय चिकटवलंय. ‘गणपती’ म्हणालात तर वकील वहीत काहीतरी लिहून घेईल. काय लिहिलं ते वाकून बघू नये.

खरी कसोटी पुढे आहे. ‘पोलिसाची साक्ष इतरांपेक्षा जास्त खरी मानाल का?’ उत्तर हो किंवा नाही एवढंच द्यायचं असतं. आपला माणूस सुरुवात करतो, ‘त्याचं काय आहे, साहेब...’ आणि अलका टॉकीजच्या चौकातल्या हवालदारापर्यंत पोचतो. निवड नको असेल तर हाच राजमार्ग, खोटं बोलायची गरजच नाही. १९९४ मध्ये ओ. जे. सिम्पसन खटल्याच्या प्रश्नावलीत २९४ प्रश्न होते. आपल्यातल्या कोणी पुरवणी मागितली असती.

मुळात इथे कोणी तुम्हाला पसंत करत नाही. नको ते वगळले जातात, उरतात ते ज्युरर. स्थळं नाकारलेल्या घरांना हे समजावायला नको. पूर्वग्रह दाखवून देता आला तर कितीही जणांना घरी पाठवता येतं. शिवाय कारण न सांगता नाकारण्याचा हक्क वेगळा: फेडरल कोर्टात, मृत्युदंडाचा प्रश्न नसलेल्या गंभीर गुन्ह्यात, सरकार पक्षाला ६ आणि बचावाला १० जणांसाठी. मात्र वंशावरून नाकारायला १९८६ पासून आणि स्त्री-पुरुष बघून नाकारायला १९९४ पासून बंदी आहे. तसा आक्षेप आला की वकिलाला आठवतं, हा गृहस्थ जांभया देत होता. म्हणून जांभई आवरावी.

बाराजणांत लागलात तर अभिनंदन. राखीव ज्युरर झालात तर मात्र मन घट्ट करा. अख्खा खटला ऐकायचा, आणि कोणी गळलं नाही तर खलबताच्या वेळी बाहेर. मत तयार असतं, पण विचारत कोणी नाही. खटला चालू असताना घरीही अवाक्षर काढायचं नाही. बायको विचारेलच, तेव्हा हवामानावर बोला.