उलगडेकाका

दिवे लागले की काका उठतात. पडद्यावर अजून नावं सरकत असतात, संगीत चालू असतं, पुढच्या रांगेतल्या बाई पर्समध्ये रुमाल चाचपत असतात, आणि मागून खणखणीत आवाज येतो, "सोपं आहे हो! मुळात तो तो नव्हताच!"

हे उलगडेकाका. खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता पेन्शनच्या कागदापुरतं उरलंय. पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या प्रत्येक फिल्म क्लबात असे एक काका असतात. क्लबाच्या घटनेतच त्यांची तरतूद असावी. आमचे काका लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झाले. हयातभर लोकांचे ताळेबंद तपासले. जमा आणि खर्च जुळल्याशिवाय सही करायची नाही, हा तिथला दंडक त्यांनी जागतिक सिनेमाला लावला आहे. दिग्दर्शकाने शेवट मोकळा सोडला की काकांच्या लेखी ती अफरातफर असते.

खांद्याला शबनम, शबनममध्ये वही, वहीला रबर बँड आणि पेनाला बसवलेला इवलासा टॉर्च. तो टॉर्च अंधारात लागला की आजूबाजूचे चार जण "शुक्" करतात आणि काका त्यांच्याकडे दयेने बघतात. फिल्म इन्स्टिट्यूट आणि अर्काइव्हचा महिनाभराचा रसास्वाद अभ्यासक्रम त्यांनी ऐन उन्हाळ्यात, अर्जित रजा खर्ची घालून केला होता. तेव्हापासून बोलण्यात 'बहादूर सर' आणि 'नायर साहेब' येतात. सतीश बहादूर आणि पी. के. नायर यांनी कित्येकांना सिनेमा बघायला शिकवलं हे खरंच आहे. पण काका ती नावं अशी घेतात की, दोघं रोज संध्याकाळी काकांकडेच चहाला असायचे असं नवख्याला वाटावं.

त्याआधीची हकीकत काका सांगत नाहीत, त्यांचे मित्र सांगतात. फिल्म सोसायट्यांच्या खेळांना सेन्सॉरची कात्री लागत नसे. १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ निघालं, पुढे गावोगावी अशी मंडळं झाली, आणि कितीतरी होतकरू तरुण युरोपीय कलेच्या ओढीने सभासद झाले. ही ओढ नेमकी कशाची, हे घरच्यांनी विचारलं नाही आणि तरुणांनी सांगितलं नाही. काका म्हणतात, मी अन्तोनिओनीसाठी गेलो. मित्र म्हणतात, गेला वेगळ्याच आशेने, तावडीत सापडला अन्तोनिओनीच्या. अन्तोनिओनीच्या 'लाव्हेन्तुरा' या सिनेमात ॲना नावाची मुलगी एका बेटावर नाहीशी होते आणि सिनेमा संपला तरी सापडत नाही. १९६० साली कान महोत्सवात लोकांनी त्या सिनेमाची हुर्यो उडवली होती. काकांनी हुर्यो वगैरे उडवली नाही. घरी येऊन त्यांनी वहीत नोंद केली : 'ॲना – येणे बाकी.' ती बाकी आजतागायत वसूल झालेली नाही.

म्हणून परवा क्लबात 'बर्थ' लागला आणि त्यातही नायिकेचं नाव ॲना निघालं, तेव्हा काका खुर्चीत पुढे सरकून बसले.

जोनाथन ग्लेझरचा हा सिनेमा २००४ सालचा. न्यूयॉर्कमधली ॲना, म्हणजे निकोल किडमन. तिचा नवरा शॉन बर्फातून पळायला जातो आणि बागेतल्या पुलाखाली कोसळून मरतो. दहा वर्षांनी ती कशीबशी दुसऱ्या लग्नाला तयार होते, तर घरात दहा वर्षांचा एक पोरगा येऊन उभा राहतो आणि शांतपणे सांगतो : मी शॉन. तुझा नवरा. हे लग्न करू नकोस. आधी सगळे हसतात. मग कोणी हसत नाही. मग ॲनाच त्याच्या बाजूने व्हायला लागते.

व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाच्या वाट्याला हुर्यो आली. पुण्यात हुर्यो उडवत नाहीत, प्रश्न विचारतात. परिणाम तोच होतो. शिवाय तिकडे जो पेच होता तो इकडे पेचच नव्हता. मेलेला माणूस परत जन्माला येतो का, यावर अमेरिकेतलं ते अख्खं श्रीमंत कुटुंब हवालदिल होतं. आमच्या सभागृहात मात्र 'मधुमती' आणि 'कर्ज' बघितलेली माणसं बसली होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की आलाय तर एवढा उशीर का आणि ओळख पटवायला गाणं का नाही.

"पुनर्जन्म हा बाजारू सिनेमाचा मालमसाला आहे," काकांनी चर्चेला तोंड फोडलं. "ग्लेझरसारखा माणूस त्या वाटेला जाणार नाही."

"'मधुमती' ऋत्विक घटकांनी लिहिलाय," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

क्लबात घटकांच्या विरोधात बोलता येत नाही. काका क्षणभर थांबले. "ते पोटासाठी," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

मग गाडी भलतीकडेच गेली. हृदयरोगाचे एक निवृत्त डॉक्टर नेहमी येतात. त्यांनी सांगितलं की एवढा धडधाकट माणूस पळता पळता जातो म्हणजे हृदयाचा स्नायू जन्मतःच जाड असणार, वेळेवर इको काढला असता तर हा सिनेमाच झाला नसता. आयुर्विम्यात नोकरी केलेल्या गृहस्थांना वेगळीच काळजी : नवरा परत आला असं बायकोने मान्य केलं, तर दिलेला क्लेम परत घ्यायचा का? नऊवारीतल्या एक आजी नातवंडाला क्लासला सोडून तास-दोन तास गारव्याला म्हणून येतात. त्या कधी बोलत नाहीत. परवा बोलल्या. "पिंडाला कावळा शिवला नसणार. दुसरं काय!"

सभागृह हसलं. काका हसले नाहीत. त्यांनी झटकन वहीची पहिली पानं उघडली. सिनेमाच्या सुरुवातीला पडदा काळा असताना शॉनचा नुसता आवाज येतो. कुठेतरी व्याख्यान देताना तो सांगत असतो की, बायको गेली आणि दुसऱ्या दिवशी खिडकीत पाखरू येऊन म्हणालं मीच ती, तर विश्वास ठेवावासा वाटेल. पण एरवी आपण विज्ञानवाले, असल्या गोष्टी मानत नाही. "पाखरू! लिहून ठेवलंय मी!" काका ओरडले. "पाखरू म्हणजे कावळाच!" आणि आजींचा कावळा त्यांनी आपल्या नावावर करून घेतला. पुढची दहा मिनिटं तो त्यांचाच होता. त्याला जोड म्हणून त्यांनी पटकथाकार काढला. ज्याँ-क्लोद कारिएर हा ग्लेझरबरोबर लिहिणाऱ्यांपैकी एक. याच कारिएरने पीटर ब्रुकसाठी नऊ तासांचं 'महाभारत' नाटक लिहिलं होतं, १९८५ साली. "ज्याने महाभारत लिहिलं त्याला अंबा माहीत नसेल? भीष्माचा सूड घ्यायला अंबा शिखंडी होऊन जन्माला येते! मुलगा म्हणजे शिखंडी!"

"मग भीष्म कोण?" आजींनी विचारलं.

काकांनी आजींकडे असं पाहिलं, की बाईंना पुढच्या खेपेला गारवा दुसरीकडे शोधावासा वाटला असता. बाई वस्ताद आहेत, त्या जागच्या हलल्या नाहीत.

पण कावळा आणि शिखंडी ही काकांची रंगीत तालीम असते. खरं अस्त्र ते शेवटी काढतात. "आता पुरावा," ते म्हणाले. सिनेमात क्लारा नावाची बाई ॲनाच्या समारंभाला येते आणि आत जाण्याआधी बागेत एक पुडकं पुरते. ॲनाने नवऱ्याला लिहिलेली पत्रं. नवऱ्याने ती फोडलीसुद्धा नव्हती, तशीच क्लाराला देऊन टाकली होती. त्याचं तिच्याशी प्रकरण होतं. पोरगा मागोमाग जाऊन पत्रं उकरतो, वाचतो, आणि नवरा होऊन येतो. "जमा, खर्च, शिल्लक शून्य!" काकांनी वहीत बरोबरची खूण केली. पेनाचा टॉर्च दोनदा मिचकावला.

इन्स्टिट्यूटमधली एक मुलगी जिन्याच्या पायरीवर बसली होती. ती उठली नाही, बसूनच म्हणाली, "काका, पत्रं कधीची?"

"कधीची म्हणजे? नवरा असतानाची."

"मग तो जिथे मेला ती जागा त्यात कशी असेल? मुलगा ॲनाला निरोप ठेवतो, बागेत भेट, कुठे ते तुला माहीत आहे. आणि ती पुलाखाली जाते, तर तो तिथेच उभा असतो."

सभागृहात असा सन्नाटा मी सिनेमाच्या वेळी कधी ऐकला नव्हता. काकांनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं. बरोबरच्या खुणेवर बोट ठेवून ते नुसते उभे राहिले. सेक्रेटरींनी ही संधी साधून चहा झाल्याचं जाहीर केलं.

मला विचाराल तर काका त्या पुलाखाली अडकले याचं कारण सिनेमातल्या ऑपेराच्या प्रसंगात आहे. वाग्नरचं संगीत सुरू होतं, आणि कॅमेरा किडमनच्या चेहऱ्यावर जाऊन थांबतो तो दोन मिनिटं हलत नाही. शेजारून होणारा नवरा कानात काहीतरी सांगतो, ते तिच्यापर्यंत पोचत नाही. ती एक शब्द बोलत नाही. मुलगा कोण आहे याचा निकाल त्या चेहऱ्यावर लागलेला असतो, आणि त्यासाठी तिने कसलाही पुरावा मागितलेला नसतो. तिला तो हवा असतो, बस. त्या दोन मिनिटांत काका काय करत होते, ते मी शेजारून पाहिलं आहे. पहिलं मिनिट त्यांनी टॉर्च लावून 'क्लारा – पुडकं – बाग' असं लिहिण्यात घालवलं. मग "आता बघा हं, काहीतरी होणार," असं मला सांगितलं. मग काही होत नाही असं बघून शबनममधून खोकल्याची गोळी काढली आणि तिचा कागद सोडवत बसले. कागद सुटला आणि प्रसंग संपला.

पत्रांचा उलगडा झाल्यावर मुलगा स्वतःच सांगतो की मी शॉन नाही. म्हणजे काकांना हवा होता तो ताळेबंद दिग्दर्शकाने चक्क पडद्यावर मांडून दिलाय. त्यानंतर ॲना त्या दुसऱ्या माणसाशी लग्न करते, आणि लग्नाच्या पोशाखात समुद्राच्या लाटांत उभी राहून ऊर फुटेस्तोवर रडते. पण तोवर काकांची वही मिटलेली होती.

खाली पार्किंगमध्ये काकू वाट बघत होत्या. काकू दरवेळी येतात, मागच्या रांगेत बसतात, आणि त्यांना सिनेमा कसा वाटला हे आजवर कोणी विचारलेलं नाही. काका स्कूटरची किल्ली शोधत होते. शबनम, सदरा, विजार, परत शबनम.

"अहो," काकू म्हणाल्या, "समजा मी गेले. आणि सकाळी गॅलरीत कावळा येऊन तुमच्याकडे टक लावून बघत बसला. तुम्ही काय कराल?"

"कावळा रोजच येतो. तू पोळी टाकतेस म्हणून."

"मी गेल्यावर कोण टाकणार?"

"अगं, किल्ली तुझ्याकडे आहे का बघ आधी."

किल्ली काकूंकडेच होती. त्यांनी ती दिली, पदर खोचला आणि मागे बसल्या. स्कूटर फाटकापाशी पोचली तरी काकांचं पुलाबद्दल चाललेलं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध यायच्या आधी, काकांचा फोन आला. आवाजात रात्रभराचं जागरण होतं आणि विजयही.

"सापडलं! निधनवार्ता!"

"कोणाची?" मी घाबरून विचारलं.

"शॉनची हो! एवढा विद्वान माणूस सेंट्रल पार्कात पळताना जातो, तर पेपरात आलं असणार की नाही? जागेसकट! मुलाने लायब्ररीत जुना पेपर पाहिला. पत्रं अधिक पेपर, हिशोब चोख. त्या पायरीवरच्या मुलीला कळवा."

"मग ती शेवटी समुद्रात जाऊन रडते का, काका?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ आला.

"ते किरकोळ आहे," काका म्हणाले. "ते किरकोळ खर्चात टाकू."